तेल लालच होतं

दादाच्या गिअरबॉक्सचा विषय निघाला, की मी उठते आणि स्वयंपाकघरात जाते. आत जाऊन करत काहीच नाही. ओट्याला टेकून उभी राहते, विषय बदलल्याची चाहूल लागली की गरम पोळी घेऊन बाहेर येते. इतक्या वर्षांत हे कुणाच्या लक्षात आलेलं नाही. आलं असेल तर कुणी बोललेलं नाही. आज तुम्हाला जे सांगते आहे, ते आईला तिच्या शेवटच्या आजारपणातही सांगितलं नव्हतं. मग तुम्हालाच का? तुम्ही दादाला ओळखत नाही, म्हणून असेल.

आधी गाडीचं सांगते. ते सोपं आहे.

आमचे अप्पा डॉक्टर. त्यांनी तरुणपणी एका जहागीरदार घराण्याकडून जुनी अमेरिकन गाडी घेतली होती. हिरवी, लांबलचक, पुंडलिकनगरच्या आमच्या गल्लीत एका दमात न वळणारी. गिअर आपोआप पडायचे, पण होते दोनच. शहरात ठीक. हायवेवर मात्र साठच्या पुढे गेलं की इंजिन असं ओरडायचं, की मागच्या सीटवरची आई कानांवर पदर घ्यायची. अप्पा म्हणायचे, हौसेला मोल नसतं. आई म्हणायची, पण कान असतात.

दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. वाळूजला एका कारखान्यात नोकरी करायचा आणि सुट्टीच्या दिवशी या गाडीखाली झोपायचा. तिला चार गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवायचा, हे त्याच्या डोक्यात कैक वर्षं होतं. चौथा गिअर ओव्हरड्राइव्हचा — म्हणजे चाकं जोरात, इंजिन निवांत. दोन प्रकारचे बॉक्स मिळत होते. एकाला कॉम्प्युटर लागायचा. दादा म्हणाला, साठ वर्षांच्या बाईला मोबाइल कशाला देता? दुसरा नुसत्या तेलाच्या दाबावर चालणारा. तो त्याने मुंबईच्या भंगार बाजारातून, एका मोडलेल्या परदेशी पिकअपमधून काढून आणला.

त्या बॉक्सचं दुखणं सगळ्या जगाला ठाऊक होतं म्हणे. तिसऱ्या-चौथ्या गिअरच्या क्लच पाट्या कमी आणि नाजूक. दादाने तिथे जास्त पाट्या बसवल्या, मधल्या पोलादी चकत्या बारीक करून घेतल्या, तेल थंड करायला पुढे वेगळा कूलर लावला. कार्बोरेटरपासून गिअरबॉक्सपर्यंत एक केबल जाते. पाय जितका दाबाल तितका आतला दाब ती वाढवते. ती जरा जरी सैल राहिली तर पाट्या घसरतात आणि जळतात. ती केबल लावताना दादा जेवायला उठला नव्हता.

आणि या सगळ्याला कारण होतं. नाशिकला आत्याच्या ओळखीचे एक गृहस्थ होते, जुन्या गाड्यांचे शौकीन. त्यांच्याकडे अशाच तीन गाड्या. ते म्हणाले होते — तुमची गाडी इथवर चालवत आणा, मी पाहतो, आवडलं तर तिन्हींचं काम तुमच्याच हातात देतो. तेवढं झालं की दादा नोकरी सोडणार होता. स्वतःच्या गॅरेजसाठी चितेगावच्या रस्त्याला एक शेडसुद्धा बघून ठेवली होती. चाळिशीला आलेला माणूस, पण त्या दिवसांत तो शीळ घालत जिने उतरायचा. मला अजून ती शीळ आठवते, पण चाल कुठली होती ते आठवत नाही.

नाशिकला निघायच्या आधी दादाला कंपनीने प्रशिक्षणासाठी पुण्याला पाठवलं. ती दुष्काळाची वर्षं. नळाला पाणी कधी येईल याचा नेम नव्हता, आणि आमच्या भोवती तर रोज नवी इमारत उभी राहत होती. प्रत्येक इमारतीला बोअर, प्रत्येक बोअर आधीच्यापेक्षा खोल. गल्लीतल्या बायकांच्या नाकी नऊ आले होते. मी चितेगावला एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते — आलेला माल तपासायचा, सदोष निघाला की परत पाठवायचा, हे माझं काम. हसू नका. कारखान्याच्या टाकीवरून आम्हाला पाणी न्यायची मुभा होती. शेजारचे काका त्यांच्या जीपला ट्रॉली लावून, ट्रॉलीवर टाकी ठेवून गल्लीसाठी पाणी आणायचे. त्यांची जीप बसली. अप्पांच्या गाडीला मागे ट्रॉली जोडायचा आकडा होता, जहागीरदारांच्या शिकारीच्या काळातला.

मी दादाला फोन करून विचारलं. लपूनछपून काही केलं नाही — निदान तोवर.

"ने गं, बिनधास्त ने," दादा म्हणाला. "मी तिला तेवढी भक्कम केली आहे. फक्त गिअरची कांडी तीनवर ठेव. ओव्हरड्राइव्ह पळायला असतो, ओढायला नसतो. आणि तेल बघत जा रोज."

इतकं साफ सांगितलं होतं. मला समजलं नव्हतं असंही नाही.

पहिल्या दिवशी मी कांडी तीनवरच ठेवली. इंजिन गुरगुरत राहिलं, पैठण रोडवरच्या रिक्षावाल्यांनी माना वळवून पाहिलं. दुसऱ्या दिवशी वाटलं, जरा बघू तरी. कांडी वर सरकवली. थोड्या वेळाने चौथा पडला आणि सगळं शांत झालं — कुणीतरी रेडिओचा आवाज बारीक करावा तसं. मागे टाकीत पाणी डुचमळतंय, काच खाली आहे, गाडी आपली तरंगत चालली आहे. मला ती शांतता आवडली. बस, एवढंच. याहून मोठं कारण मी नंतर पुष्कळ शोधलं. नाही सापडलं.

गल्लीत पोचले की हंडे-कळशा रांगेत असायच्या. बायका म्हणायच्या, "ताई, लई उपकार झाले बाई तुमचे." ते ऐकायला मी गाडीतून जरा सावकाशच उतरायचे.

चढ आला की गाडी चौथ्यातून तिसऱ्यात यायची, परत चौथ्यात जायची, परत तिसऱ्यात. हलकासा हिसका बसायचा. मला कळत होतं. चढापुरती कांडी खाली घ्यायला काय झालं होतं? हात स्टिअरिंगवरच राहायचा. असे बरेच दिवस गेले. मग एका सकाळी घरी पोचले आणि वास आला. दूध करपल्यासारखा. बोनेट उघडून गिअरबॉक्सची तेलाची पट्टी ओढली, रुमालावर पुसली. त्यातलं तेल नवीन असताना लाल असतं. रुमालावर चहाचा डाग पडल्यासारखं झालं होतं.

जळलेल्या तेलाचा अर्थ काय होतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं. माझी नोकरीच ती.

इथे मी फोन उचलायला हवा होता. दादा ओरडला असता. पुण्याहून आला असता, बॉक्स उतरवून पाट्या बदलल्या असत्या, नाशिकची तारीख पुढे गेली असती. संपलं. मग मी का नाही उचलला? भीती वाटली म्हणावं, तर दादाला मी कधी भ्याले नव्हते. लाज वाटली म्हणावं तर तीही तेव्हा वाटली नाही. खरं सांगू? मला काहीच वाटलं नाही. मी माळ्यावरून दादाने जपून ठेवलेले नव्या तेलाचे डबे काढले. तेल काढायला सोपं जावं म्हणून त्याने खाली मुद्दाम एक बोल्ट बसवला होता. तो सोडला, जळकं तेल घमेल्यात घेतलं आणि शेजारच्या बांधकामाच्या खड्ड्यात ओतून आले. आत थोडं जुनं राहतंच, म्हणून गाडी जराशी फिरवून परत तेच केलं. मग पट्टी ओढून पाहिली. लाल. हात धुवायला पाणी जपून वापरावं लागत होतं, म्हणून बराच वेळ नुसते पुसत बसले.

दादा यायच्या आत तसेच नवे डबे आणून माळ्यावर ठेवले. दादा आला. निघायच्या दिवशी सकाळी त्याने पांढऱ्या फडक्यावर पट्टी पुसली आणि अप्पांसमोर धरली. "बघा अप्पा, तेल लालभडक! एवढं पाणी ओढलं, पण काही झालं नाही हिला." अप्पांनी मान डोलावली. मी जेवणाच्या डब्याची पिशवी मागच्या सीटवर ठेवत होते. बोलायला वेळ होता. मी पिशवी सरळ केली आणि दार लावलं.

लासूर स्टेशन मागे टाकलं आणि चौथा गिअर सुटला. अप्पा चालवत होते. इंजिन एकदम वर ओरडलं, गाडी मात्र मंदावली. मग तिसराही गेला. दुसऱ्यात रांगत रांगत अप्पांनी ती बाभळीखाली घेतली. दादा खाली उतरला, त्याने पट्टी ओढली, वास घेतला आणि तसाच उभा राहिला. पट्टी परत आत घालायचंही त्याला सुचेना.

मेंढ्या घेऊन गोदावरीच्या अंगाला निघालेलं एक धनगर कुटुंब समोरून येत होतं. त्यातला म्हातारा थांबला. गाडी तापली असं त्याला वाटलं असणार. घोड्यावर लादलेल्या सामानातून त्याने प्लास्टिकचा कॅन सोडवला.

"तापली व्हय सायेब? घ्या, पानी घाला तिला. लई नाय, पर हाय तेवढं घ्या."

त्या वर्षी, त्या उन्हात, चार माणसं आणि एवढी जनावरं घेऊन चाललेला माणूस हे म्हणत होता. दादाने त्याच्यापुढे हात जोडले.

"नको मामा, तुम्हाला ठेवा. पाण्याचा दोष नाही. माझंच काम कच्चं निघालं."

मी ऐकलं. मी त्यांच्यापासून दोन हातांवर होते.

अप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "राहू दे. जुनाच बरा होता." ट्रॅक्टरने गाडी लासूरला ओढून नेली, तिथून ट्रकवर चढवून घरी. नाशिकच्या गृहस्थांना अप्पांनी फोन केला. ते म्हणाले, हरकत नाही, पुन्हा कधी तरी.

दादाने अंगणात वर्तमानपत्रं पसरून बॉक्स उघडला. पाट्या काळ्या ठिक्कर, हात लावला की पापुद्रे निघत होते. तो एकेक चकती उचलून उन्हात धरायचा, खाली ठेवायचा, परत उचलायचा. मी चहा घेऊन गेले तेव्हा म्हणाला, "तेल सकाळी लाल होतं गं. म्हणजे हळूहळू जळलेलं नाही, एका दमात गेलं. म्हणजे दाब कमी पडला. केबल माझी चुकली असणार." मग वर पाहून विचारलं, "पाणी आणताना कांडी कशावर होती?"

"तीनवर," मी म्हणाले. "तू सांगितलं होतंस ना."

त्याने लगेच मान हलवली. शंकासुद्धा घेतली नाही. तीनवर ठेवूनही जो बॉक्स एवढ्याशा पाण्याने मरतो, तो बांधणाऱ्याला काही येत नाही, असाच त्याचा अर्थ होता. तो त्याने माझ्यासमोर बसून लावला आणि मी कप रिकामा व्हायची वाट पाहत उभी राहिले.

शेड त्याने घेतली नाही. हत्यारं एका ओळखीच्याला देऊन टाकली. गाडीला जुना दोन गिअरचा बॉक्स परत बसला, अप्पांच्या मागे ती विकली. दादा वाळूजच्याच नोकरीत राहिला. आता तो तिथे वाहतुकीचं बघतो, खुर्चीत बसून. वाईट चाललंय असं नाही. पण घरातला मिक्सर बिघडला तरी तो दुकानात नेतो. वहिनी म्हणते, इंजिनिअर ना तुम्ही? तो हसून म्हणतो, कागदावरचा.

मागच्या रविवारी सगळे माझ्याकडे, त्याच जुन्या घरी, जेवायला होते. दादाचा मुलगा आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. एक जुनी जीप बॅटरीवर चालवायचं त्याच्या मनात आहे, आणि त्यासाठी आमचं अंगण हवं होतं. दादा त्याला समजावत होता, अगदी मायेने. "नको रे. नुसती हौस असून चालत नाही, हात अचूक लागतो. तो आपल्या घरात नाही. मी बघितलंय करून." मुलाने माझ्याकडे पाहिलं — आत्या काहीतरी बोलेल म्हणून.

मी उठले आणि स्वयंपाकघरात गेले.

आमच्या ओट्यावर एक पोलादी चकती आहे, गोल, मध्ये भोक असलेली. बॉक्समधली. दादाने भंगारात टाकली होती, ती आईने उचलून आणली आणि घासून गरम भांड्याखाली ठेवायची अडणी केली. आई गेल्यावरही मी तीच वापरते. ती मी उचलली, बाहेर नेऊन दादाच्या ताटाशेजारी ठेवली, वरणाचं पातेलं तिच्यावर टेकवलं आणि त्याला वाढलं.

"बस, बस," दादा म्हणाला.