बाळंतिणीच्या खोलीतली हवा

परवा खालच्या मजल्यावरची सून चहाला आली होती. सिव्हिल इंजिनियर आहे, बोलायला लागली की थांबत नाही, मला आवडते. सांगत होती, थंड देशांत नवीन घर बांधताना म्हणे फरशीखाली गिट्टी पसरतात, तिच्यात पाइप टाकतात आणि तो पाइप थेट छपराच्या वर काढतात. का, तर जमिनीतून एक गॅस निघतो, रेडॉन. वास नाही, रंग नाही. घर जितकं घट्ट तितका तो आत साठतो आणि वर्षानुवर्षं माणसाच्या फुप्फुसात जातो. "किती पुढचा विचार करतात ना काकू," म्हणाली. मी म्हटलं, "आमच्या नानांनी असा पाइप इंदूरला पलासियाच्या पुढं कधीच टाकला होता." ती हसली. तिला वाटलं, म्हातारी मजा करतेय. मी पण हसले आणि तिला आणखी एक कचोरी वाढली.

मजा कसली डोंबलाची. नाना म्हणजे माझे वडील. त्यांनी तो पाइप टाकला तेव्हा घरात माझ्या ताईचं आईवेगळं बाळ होतं. ते जगावं, एवढ्या एका गोष्टीसाठी ते आपल्याच हातांनी आपलं नवंकोरं घर फोडत होते. त्यांना रेडॉन हा शब्दसुद्धा माहीत नव्हता.

मध्य प्रदेश तेव्हा नुकताच झाला होता. राजधानी भोपाळला गेली आणि नानांच्या ओळखीची निम्मी माणसं बोरिया-बिस्तरा बांधून तिकडं गेली. नानांचं सिंचनाचं ऑफिस मात्र इंदूरलाच राहिलं, म्हणून त्यांनी घर बांधायची हिंमत केली. आजोबा संस्थानच्या फौजेत होते. त्यांचा सगळा जन्म भाड्याच्या घरात गेला, आणि ते नानांच्या मनात सलत असावं. आमचं भाड्याचं घर कवेलूंचं, म्हणजे कौलारू. कवेलूंच्या फटींतून उन्हाळ्यात गरम लू यायची, पावसाळ्यात पाणी यायचं, बाराही महिने धूळ यायची. आई भाकरीच्या पिठावर पण फडकं झाकून ठेवायची. नानांना या सगळ्याचा वीट आला होता.

पलासियाच्या पुढं तेव्हा शेतंच होती. एका शेताचे प्लॉट पडले, त्यातला एक नानांनी घेतला. मागच्या बाजूला शेताची जुनी विहीर होती, ती मुरूम टाकून बुजवली आणि तिच्यावर मागची खोली आली. वर स्लॅब, भिंतींना सिमेंटचा गिलावा, खिडक्यांना सागवानी झडपा. प्रत्येक खोलीत वर उजेडवाऱ्यासाठी एक रोशनदान, म्हणजे झरोका होता, पण नानांनी त्यांत काच पक्की बसवून घेतली. आल्यागेल्याला हात धरून घर दाखवायचे आणि म्हणायचे, "बिलकुल पॅक आहे. हातोदकडची धुळीची आंधी आली तरी आत कण नाही येणार." नानांना एवढं खूश मी आधी पाहिलं नव्हतं. नंतरचं तर विचारूच नका.

वास्तुशांत झाली आणि दिवाळी होते न होते तोच ताई बाळंतपणाला आली. तिचं सासर देवासला. मुलगा झाला. आईनं मागची खोली तिला दिली, कारण तिथं वर्दळ नव्हती. थंडी पडायला लागली होती, नव्या भिंतींना अजून ओल होती, त्यामुळे आईनं खोलीचा बंदोबस्त केला. खिडकीला गोधडी, दाराच्या खालच्या फटीला पोतं, ताईच्या कानांत कापूस, डोक्याला फडकं. बाजेखाली कोळशांची शेगडी, तिच्यावर ओवा आणि बाळंतशेपा टाकायच्या, आणि अंघोळीनंतर ताईनं बाजेवर शेक घेत पडायचं. आमच्याकडं बाळंतिणीला असंच शेकतात. आई तशीच शेकली होती, आजी तशीच शेकली होती. आईनं काही म्हणजे काही नवीन केलं नाही. घर नवीन होतं, बस्स.

थोड्या दिवसांत ताईचं डोकं दुखायला लागलं. मळमळायचं, उठून बसली की गरगरायचं. आई म्हणाली, वारा लागला. कुठून लागला हे शोधायला ती खोलीभर हात फिरवत हिंडली आणि रोशनदानाच्या चौकटीला तिला एक बारीक फट सापडली. स्टुलावर चढून तिनं तिच्यात चिंध्या कोंबल्या. डोकं थांबेना म्हणून शेगडीत कोळसे वाढवले. नाना ऑफिसातून येताना बघून, चांगले खणखणीत कोळसे आणायचे. ताई म्हणायची, "आई, थोडं दार उघड ना, घुसमटतंय." आई म्हणायची, "बाळंतिणीला तसं होतंच. तुम्ही दोघी याच शेगडीवर निघालात, काही झालं का तुम्हाला?" नाही झालं. कवेलूंना कोण चिंध्या कोंबणार होतं?

त्या दिवशी सकाळी ताईची अंघोळ झाली, ती शेकायला पडली, आणि आई बाळाला तेल लावायला स्वयंपाकघरात घेऊन आली. मध्येच एकदा ती जाऊन ताईला बघून आली. मी चुलीपाशी बसले होते. आई हसत होती. म्हणाली, "गाल बघ जाऊन कसे लाल झालेत तिचे. आता अंग धरायला लागली पोरगी. झोपू दे, पहिल्यांदाच गाढ लागलीय." आणि दाराचा आवाज होऊ नये म्हणून तिनं ते हळूच लोटून घेतलं होतं, तेही तिनं मला सांगितलं.

बाळ भुकेनं रडायला लागलं तेव्हा आई त्याला घेऊन आत गेली. ताई उठली नाही. गाल अजून लालच होते.

नाना सायकलवर जाऊन तुकोगंजच्या डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टरांनी ताईला पाहिलं, मग वाकून शेगडी पाहिली, मग वर चिंध्यांकडं पाहिलं. पहिल्यांदा त्यांनी गोधडी ओढून खिडकी उघडली. म्हणाले, कोळशाचा गॅस. वास येत नाही, माणसाला झोप लागलीय असं वाटतं, गालही त्यानंच लाल होतात. आईनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आमच्या घरात आजपर्यंत शेगडीनं कुणी मेलं नाही, डॉक्टरसाहेब. तिला वारा लागला होता." डॉक्टर गेले तरी ती हेच म्हणत राहिली. मला तिचा राग यायचा. अजून येतो. आणि मग तिचं ते हसत चुलीपाशी येणं आठवतं, आणि तो राग कुठं नेऊन ठेवावा कळत नाही.

जावई आले, रडले. बाळाला इथंच राहू द्या म्हणाले, देवासला त्याचं करणारं कुणी नव्हतं. आईनं त्याला बोंडल्यानं गाईचं दूध पाजायला सुरुवात केली. बारशाच्या आधीच ताई गेली होती, त्यामुळं बारसं राहूनच गेलं. आम्ही त्याला बाळच म्हणायचो.

नानांनी शेगडी उचलून बाहेर फेकली. तिथंच थांबले असते तर काही म्हणणं नव्हतं. पण तेराव्याला आलेली एक बाई बोलून गेली, "विहीर बुजवायला नको होती, तिथं कुणाचं तरी वास्तव्य असतं." नानांचा भुताखेतांवर काडीचा विश्वास नव्हता. ते सिंचनातले माणूस. जुन्या विहिरीत उतरण्याआधी मजूर कंदील सोडून बघतात, कंदील विझला तर खाली खराब हवा आहे म्हणून कुणी उतरत नाही, हे त्यांनी कितीदा पाहिलेलं. त्यांचं डोकं त्या विहिरीत जाऊन अडकलं. शेगडी तीच, कोळसे तेच, जुन्या घरात कुणाला काही झालं नाही. मग इथंच का? विहिरीची हवा मुरुमातून वर येत असणार, घरातून तिला बाहेर जायला वाट नाही, आणि ही वाट मीच बंद केली. असं ते माझ्याशी बोलायचे. मी मॅट्रिकला होते, मला काय कळणार? पण दुसरं कुणी ऐकून घेत नव्हतं.

आधी त्यांनी रोशनदानांच्या काचा काढल्या, सगळ्या खोल्यांच्या. मग प्रत्येक भिंतीत जमिनीलगत विटा काढून भोकं पाडली आणि त्यांना उंदरांसाठी जाळी लावली. मग सुट्टीच्या दिवशी मिस्त्रीला बोलावलं, आणि मागच्या खोलीची फरशी उखडून, खाली गिट्टी भरून, तिच्यातून एक पाइप भिंतीलगत वर नेऊन स्लॅबच्या बाहेर काढला. मिस्त्री छिन्नी हातात धरून विचारायचा, "साब, नया मकान है, क्यों तोड रहे हो?" नाना म्हणायचे, "तू तोड." त्यानं हात टेकले आणि तोडलं.

मग संध्याकाळी नाना खोलीत जमिनीवर निरांजन ठेवायला लागले. आईला वाटलं, ताईसाठी. म्हणाली, "दिवस होऊन गेले तिचे, आता कशाला दिवा?" नाना म्हणाले, "विझतो का बघतोय." आणि तो विझायचा. चारी बाजूंनी भोकं पाडल्यावर दिवा विझणार नाही तर काय होणार? मी म्हटलं, "नाना, वारा येतोय." ते म्हणाले, "वारा असता तर आधी वात हलली असती. ही एकदम गेली." दुसऱ्या दिवशी ते आणखी एक वीट काढायचे. त्या भोकातून आणखी वारा यायचा आणि दिवा आणखी लवकर जायचा. पुढच्या खोलीत, जिथं बाळ झोपायचं, तिथंही तेच. माझ्या वडिलांना अक्कल नव्हती असं नाही. ऑफिसात त्यांच्या शब्दाला किंमत होती. पण त्या घरात ते कुणाचं ऐकण्याच्या पलीकडं गेले होते.

पौष लागला. त्या वर्षी माळव्यात थंडीनं कहर केला, सकाळी अंगणात बादलीतल्या पाण्यात हात घालवत नव्हता. शेगडी घरात नाही, आणि भिंतींना भोकं. संध्याकाळ झाली की आई हातात चिंध्या घेऊन खोलीभर फिरायची आणि एकेक भोक बुजवायची. नाना तिच्या मागोमाग फिरून एकेक चिंधी काढायचे. कुणी आवाज चढवायचं नाही. आई म्हणायची, "पोरगी वाऱ्यानं घालवलीत, आता याला पण घालवा." नाना म्हणायचे, "पोरगी कशानं गेली ते तुला सांगितलंय." बाळ माझ्या मांडीवर असायचं, दोन दुलयांत गुंडाळलेलं, नुसतं नाक बाहेर. मी ते नाक सारखं हात लावून बघायची. थंडगार असायचं.

मग त्याला खोकला झाला. खोकल्याचा ताप झाला. एका सकाळी आईनं त्याचं झबलं वर केलं आणि म्हणाली, "पसली चालतेय." प्रत्येक श्वासाला बरगड्यांखाली खड्डा पडत होता. बोंडलं तोंडाला लावलं की दूध गालावरून ओघळायचं. नाना पुन्हा सायकल काढून तुकोगंजला गेले. पुन्हा तेच डॉक्टर आले, त्यांनी न्यूमोनिया म्हटलं, इंजेक्शन दिलं, दुसऱ्या दिवशी पण येऊन दिलं. नानांनी त्यांना भोकं दाखवली, पाइप दाखवला आणि विचारलं, "यानं झालं का?" डॉक्टर भले माणूस होते. म्हणाले, "एवढ्याशा बाळांना हे कुठल्याही घरात होतं. बंद घरात पण होतं." नाना म्हणाले, "मग मी काय करायला पाहिजे होतं?" डॉक्टर म्हणाले, "ताकद कमी पडतेय त्याची. आईचं दूध मिळालं असतं तर," आणि बॅग बंद करायला लागले.

बाळ त्याच दुपारी गेलं, माझ्या मांडीवर. जावयांना तार केली, पण ते पोचेपर्यंत थांबता येत नव्हतं. एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. नानांनी खड्डा स्वतःच खणला, दुसऱ्या कुणाला फावडं घेऊ दिलं नाही. ज्या जमिनीला ते इतके भ्यायले होते, तिच्यातच त्याला ठेवताना त्यांना काय झालं असेल, याचा मी विचार करत नाही. करून बघितलाय, जमत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना मागच्या अंगणात बसले होते. घमेल्यात सिमेंट आणि वाळू कालवलेली, हातात थापी. ते उठून पुढच्या खोलीत आले आणि भोकापुढं मांडी घालून बसले. जाळी काढली. आई दारात उभी होती. इतके दिवस हीच भोकं बुजवा म्हणून ती जीव टाकत होती. ती त्यांच्याजवळ गेली आणि त्यांच्या हातातली थापी काढून घेतली.

"राहू द्या," आई म्हणाली. "आता इथं कुणाला वारा लागणार आहे?"

सिमेंट घमेल्यातच घट्ट झालं. पुढं ते घर विकेपर्यंत ते घमेलं अंगणात पडून होतं, आणि भोकंही तशीच होती.