दाजीला खूर दाखवायचे ऱ्हायले

अक्काचा फोन आला तवा मी माळेगावच्या जत्रेत, घोडीचा पाय घमेल्यात बुडवून, अंगाच्या साबणानं तिचा खूर घासून राहिलो होतो. शेजारच्या राहुटीतली माणसं चहा पीत बघून राहिली होती. एक जण म्हणला, "पाव्हणं, घोडीला पोराकडचे बघाया येणार हायत का?" मी म्हणलो, "न्हाई, दाजीला दाखवायचंय." तेवढ्यात फोन वाजला. दाजीचाच आसंल म्हणून मी तिकडं बघितलं बी न्हाई, कारण खूर आजून पांढरा झाला न्हवता. फोन थांबला, परत वाजला. फोनवरचा फोटू बघितला तर अक्काचा. ती म्हणली, "ईरण्णा, घोडीला घिऊन ये रं बाबा... तुजे दाजी गेले." मी काय म्हणलो सांगू? मी म्हणलो, "थोडंच ऱ्हायलंय अक्का, एवढा एक पाय झाला का निघतो." कानात शिरलं होतं, टाळक्यात शिरायला येळ लागला. मंग हातातला साबण कुठं गेला ते मला आजून ठावं न्हाई.

दाजी म्हंजे माझ्या थोरल्या बहिणीचे मालक, मन्मथअप्पा. मुरुडला त्यांचं कापडाचं दुकान, घरामागं तबेला आन् त्यात हौसेची एक घोडी. मला सहीपुरतं लिवता येतं, तेबी सही दर बारीला येगळी येती. म्हणून हे समदं मी बोललोय आन् भाचीनं, दाजीच्याच लेकीनं, कागदावर उतरवलंय. तिला म्हणलो, बापाचं हाय बाई, जमंल का तुला? ती म्हणली, "मामा, तुमी बोला." म्हणून बोलतोय.

आमचं गाव जळकोटकडं. तिथं मी शाळा सोडली, बँडवाल्यांनी मला सोडलं, एका टेम्पोवाल्यानं वाटंतच सोडलं. शेवटी बापानं बहिणीकडं धाडून दिलं. दाजीनं दुकानात बसवलं. तर मी एका नवरदेवाच्या सदऱ्याचं कापड असं फाडलं का एक बाही बापाच्या मापाची झाली, एक लेकाच्या. नवरदेव भांडाया आला. दाजीनं त्याला नवं कापड दिलं, चहा पाजला आन् तो गेल्यावर मला म्हणले, "इऱ्या, तू माणसाच्या अंगाला हात लावू नगंस. घोड्याच्या पायाला लाव. घोडा काय बोलायचं ते लगेच बोलतो."

आन् घोडी बोलली की! पहिल्याच आठवड्यात मी बरुबर तिच्या मागं हुबा राहून तिचा पाय उचलाया गेलो. लाथ अशी बसली का मी कडब्याच्या गंजीत. दाजी पूजा अर्धी सोडून, कपाळाला ओली इभूत, तसेच पळत आले. मला वाटलं, मला उचलतेत. ते घोडीपशी गेले, तिचा पाय चाचपला आन् म्हणले, "हिला लागलं का?" मी कडब्यातनं म्हणलो, "हिला न्हाई लागलं दाजी, मी मऊच हाय."

ती घोडी म्हंजे सुपारी. अंग लालसर काळपट, चारी पाय पांढरे, कपाळावर पांढरा पट्टा. असल्या घोडीला पंचकल्याणी म्हणतेत आन् लई शुभ मानतेत. पांढऱ्या पायाचा खूर बी फिक्काच आसतो, शिंपल्यावाणी. जत्रेत बाकीचे लोक घोडा पंचाम्होरं रिंगणात न्यायच्या आधी खुराला काळं पालिश मारतेत. लांबून झ्याक दिसतं. दाजीला ते बिलकूल खपत न्हवतं. ते म्हणायचे, "रंगवला म्हंजे झाकला. भेग हाय का, रोग हाय का, पंचाला दिसू द्या की. आपल्याला काय चोरी हाय?" त्यांची रीत ठरलेली. नालबंद जत्रेच्या आठवडाभर आधीच येऊन खूर कापून जायचा, कारण ताजा कापलेला खूर दगडावर दुखतो. मंग मी कानस घिऊन खालची कड नुसती गोल करायची, वरच्या अंगाला कानस लावायचीच न्हाई. कोमट पाण्यानं धुवायचं. डाग आसला तर लिंबाची फोड आन् गोवरीची चाळलेली राख, हळू हळू, ताट घासल्यावाणी. आन् करडीच्या तेलाचं एक बोट, पण ते रिंगणाच्या तोंडाशी. एकदा मी हुशारी करून तेल आदल्या दिवशीच लावून ठिवलं. सकाळी बघतो तर सगळा भुसा खुराला चिकटलेला. दाजी खाली वाकले आन् म्हणले, "इऱ्या, हे मोजे कुणी इणले?"

कधी हात उगारला न्हाई त्यांनी. शिव्या मातर द्यायचे. आन् शिव्या दिल्या का दुपारी अक्काला सांगायचे, "ईरण्णाला ताक जास्ती वाढ."

औंदा दाजी आजारी पडले. लातूरच्या दवाखान्यात लई दिवस होते, मंग घरी आणलं. घरी आणलं म्हंजे बरं झालं, असं मी समजलो. पेढं आणू का म्हणून इचारलं बी. अक्का चुलीकडं तोंड करून बसली. त्यातच कळाया पायजे होतं, पण मला कळाया लागलं असतं तर मी दुकानात नसतो का?

जत्रा आली. मी म्हणलो, औंदा ऱ्हाऊ द्या. दाजी म्हणले, "का? घोडी आजारी हाय का?" टेम्पोत सुपारीला चढवताना त्यांची बाज खिडकीला लावली होती. मला बोलावलं. आवाज पार बारीक झाला होता. म्हणले, "इऱ्या, बाकीची घोडी मला तोंडपाठ हाय. रिंगणात सोडायच्या आधी खूर तेवढे दाखव मला, फोनवर. भाची देईल लावून. मी बघितल्याबिगर सोडू नगंस." मी म्हणलो, "दाजी, खूरच काय, मी माझे बी पाय दाखवतो." ते हसले. हसताना त्यांना धाप लागली.

एवढंच मागितलं होतं त्या माणसानं.

तर झालं असं. टेम्पोत मी पेंढा बदलाया पायजे होता, तो बदलला न्हाई. ड्रायव्हरसंगं गप्पा मारत पुढं बसलो. सुपारी वाटभर आपल्याच मुतात हुबी. माळेगावला उतरवलं तर खूर असे पिवळे, हळद लागल्यावाणी. राखेचा डबा काढाया गेलो, तर डबा मुरुडला कोनाड्यातच. आन् काय आणलं होतं? मिशीचा कलप. फोटूत मिशी काळी दिसाया पायजे म्हणून तो याद ठिवून आणला होता. आन् आता एक गोष्ट सांगतो, तुमी कपाळाला हात लावताल. माझ्या चारी बाजूनं, अख्ख्या जत्रेत, चुली पेटलेल्या होत्या. एका बाईला "मावशी, मूठभर राख द्या" म्हणलो असतो तर घमेलंभर मिळाली असती. मला सुचलंच न्हाई. मला काय सुचलं? वाटीत कलप कालवला, आधी मिशीला लावला, उरलेला दात घासायच्या बुरशानं सुपारीच्या चारी खुराला.

दिसले मातर झ्याक! दोघं बी ताजे दिसाया लागलो. मी लांब जाऊन बघितलं, जवळ येऊन बघितलं. आन् फोन वाजला. फोटूत दाजी, गांधी टोपी, कपाळाला इभूत.

मला फोन दुसऱ्यानं लावून द्यावा लागतो, पण उचलता येतो. हात भरले होते, ते बी पुसता आले असते. पण उचलला का ते म्हणणार, "दाखव." आन् दाखवलं का अशा शिव्या बसणार का सगळी राहुटी ऐकणार. मी मनात म्हणलो, आधी रिंगणात नंबर काढतो. नंबर आल्यावर करू फोन, मंग काळं-पांढरं कोण बघतंय. फोन पालथा घालून खोगिराखाली सारला. लई येळ गुरगुरला तो तिथं... मंग गप झाला.

रिंगणात धूळ उडू नये म्हणून पाणी मारलं होतं. कलप काही सुकला न्हवता. दोन फेऱ्या नीट झाल्या आन् मंग लोक हसाया लागले. मला वाटलं, मला हसतेत, ते नेहमीचंच. खाली बघितलं तर काळं पाणी सुपारीच्या पांढऱ्या पायावर पसरलेलं, चिखलात काजळ पडल्यावाणी. पंचांमधला एक म्हातारा जवळ आला. खाली वाकला. अंगठा खुरावरनं फिरवला, अंगठ्याकडं बघितलं. मंग माझ्या मिशीकडं बघितलं. अंगठा माझ्याच सदऱ्याला पुसला आन् म्होरच्या घोड्याकडं गेला.

म्हणून मी घमेलं घिऊन बसलो होतो. एक तरी खूर पांढरा करावा, तेवढाच फोनवर दाखवावा, बाकीचे तीन गवतात लपवावेत, असा इचार होता. तोवर अक्काचा फोन आला.

आमच्यात, लिंगायतांत, गेलेल्या माणसाला आडवं नेत न्हाईत. बसवून नेतेत. गळ्यात लिंग, कपाळाला इभूत, फुलांचं मखर. मी टेम्पोतनं घोडी उतरवली तर दाजी असे बसलेले होते, दुकानात गल्ल्यावर बसायचे तसेच. मी घोडी गुमान मागं न्यायला लागलो, तर त्यांचे थोरले भाऊ म्हणले, "घोडी म्होरं घ्या. अप्पाचा जीव होता तिच्यात. ईरण्णा, धर लगाम, चल म्होरं."

आता न्हाई कसं म्हणू? आन् का म्हणून सांगू? निघालो. हलगी वाजून राहिली, माणसं रडून राहिली, आन् मी सुपारीला रस्त्याच्या कडंच्या फुफाट्यातनं चालवून राहिलो, थोडी धूळ तरी बसंल म्हणून. कुणीतरी ओरडलं, "अहो, मधनं चाला की, कडंनं काय चाललाव चोरावाणी!" मधनं आलो. मागं वळून बघायची हिंमत झाली न्हाई. मागं दाजी बसलेले, तोंड म्होरं करून. आन् त्यांच्या म्होरं काय? चार काळे खूर, डांबरी रस्त्यावर टाप टाप वाजत. त्यांचे डोळे मिटलेले हायत हे काय मला ठावं न्हवतं? तरी माझ्या पाठीत काहीतरी टोचत राहिलं ते समाधीच्या खड्ड्यापातूर. मी तेवढी एकच वाट कधी नीट चाललो आसंल. एक बी चाळा केला न्हाई.

पाव्हणे पांगल्यावर अक्का निवडाया तूर घिऊन बसली होती. मी जवळ बसलो. म्हणलो, "अक्का, दाजीनं फोन केला, तो मी मुद्दाम उचलला न्हाई."

तिनं हात थांबवला न्हाई. म्हणली, "ते म्हणले, हात भरले आसतील त्याचे. खूर घासून राहिला आसंल. करू द्या त्याला त्याचं काम."

"मंग?"

"मंग काय... फोन छातीवर ठिवला. म्हणले, झालं का तो करंल. आन् पडून राहिले."

तवा मी तिला समदं सांगितलं. पेंढा, राख, कलप. अक्कानं वर बघितलं. "मिशीचा?" म्हणली. मी म्हणलो, "हाव." आन् ती हसाया लागली. त्या घरात कोण हसलं न्हवतं इतक्या दिवसांत. पदर तोंडात घालून हसली, सूप मांडीवरनं सांडलं, आन् हसता हसता रडाया लागली. मी जल्मभर लोकांना हसवून येळ मारून नेली. त्या दिशी मला वाटलं, हिनं हसू नये. एक थोबाडीत द्यावी, दाजीच्या वाटची. तिनं दिली न्हाई. सांडलेली तूर गोळा केली आन् म्हणली, "उठ, जेवून घे. ताक हाय."

कलप आजून गेला न्हाई. नालबंद म्हणला, आता सबूर करा, वरनं नवा खूर येईल तसा खालचा कापला जाईल.

दुकानाला जायच्या आधी दाजी तबेल्याच्या दारात येऊन हुबे ऱ्हायचे. मी सुपारीचा एकेक पाय उचलून, तळवा उजेडाकडं करून धरायचो. ते आधी चष्मा काढायचे, धोतराच्या सोग्याला पुसायचे, परत घालायचे. मुद्दाम येळ लावायचे. मी बोंबलायचो, "दाजी, बघा लवकर, कंबर चालली माझी!" ते म्हणायचे, "जाऊ दे, दुसरी बसवू."

आता दारात कुणी नसतं. मी तरी पाय उचलतो, उजेडाकडं धरतो. कंबर चालली तरी बोंबलत न्हाई. धरून बसतो, धरून बसतो... शेवटी सुपारीच कटाळून पाय ओढून घेती. मंग मी सरकतो, दुसरा उचलतो.