चाचांनी पाहिलेला दिवा

आमच्या आणे गावात कुणाच्या बोलण्यावर शंका आली की लोक म्हणायचे, "चाचाला इचारा." चाचा म्हणजे वाइंडिंगवाले चाचा. मूळचे जुन्नरचे, पण तीस वर्षं आण्याच्या चौकात विहिरींवरच्या जळालेल्या मोटरी भरून देण्याचं काम करायचे. खोटं बोलणं त्यांना जमतच नसे. मोटर जळाली म्हणून एखादा ती टेम्पोत घालून घेऊन यायचा, चाचा उघडून बघायचे आणि सांगायचे, "मोटर चांगली हाय, राव. तुझ्या स्टार्टरची वायर ढिली झालीया. जा घरी." हातचं काम असं परत पाठवणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही. त्याच माणसाला मी शाळेच्या पटांगणात, सगळ्या गावासमोर खोटं पाडलं. मी विज्ञान शिकवते. लोकांना खोटं पाडायची मला सवयच आहे.

दुकान शाळेच्या फाटकासमोर होतं, त्यामुळे मधल्या सुट्टीत माझी तिथे फेरी व्हायची. चाचा माझी फिरकी घेत. "बाई, तुमी पोरास्नी इलेक्ट्रिक शिकवता, आन तुमच्याच शाळेची बेल वर्षभर मुकी!" मग स्वतःच येऊन बेल दुरुस्त करून जात. कॉइलवर गुंडाळलेल्या तारेचे टर्न, म्हणजे वेढे, मोजत असताना मात्र ते कुणाशी बोलत नसत. नुसतं एक बोट वर करत आणि त्या बोटापुढे सरपंचसुद्धा गप्प उभे राहत. एकदा मी मुद्दाम मध्येच ओरडले, "चाचा, सत्तेचाळीस!" त्यांनी शांतपणे सगळी कॉइल उलगडली, पुन्हा एकपासून मोजायला घेतली, आणि संपल्यावर म्हणाले, "आता चहा तुमच्याकडनं."

त्यांचं एक वाक्य होतं, "गिऱ्हाईक येडं असतंय, पर त्याला झालेला तरास येडा नसतोय." कुणी येऊन मोटरीत भूत शिरलंय म्हणालं तरी चाचा हसायचे नाहीत. हातातलं काम बाजूला ठेवून पाना उचलायचे. मला ते धंद्यातलं गोड बोलणं वाटायचं. "तुम्ही लोकांना डोक्यावर चढवून ठेवता," असं मी त्यांना कितीदा तरी म्हटलं असेल.

मग ते दिव्यांचं वर्ष आलं. जुन्नर-आंबेगावच्या आभाळात संध्याकाळनंतर दिवे फिरताना दिसू लागले. लोणीला माझ्या माहेरी माणसं काठ्या घेऊन गच्चीवर बसू लागली. कुणी म्हणे ड्रोन, कुणी म्हणे चोरांची पाहणी, कुणी म्हणे वरची माणसं. वरची म्हणजे परग्रहावरची, हे मला दिनूनं समजावून सांगितलं. दिनू हा माझा जुना विद्यार्थी. गावचं दूध गोळा करून टेम्पोनं खाली नेतो. विज्ञानात पस्तीस मार्क, तेही मी पदरचे दिलेले. त्याच्या मोबाइलवर परदेशातले व्हिडिओ असायचे. उडती तबकडी पाहिली आणि कातडी सोलली, डोळे लाल झाले, केस गळाले. बघता बघता आण्यातही केस गळायला लागले. कुणाची अर्धशिशी दिव्यामुळे, कुणाची मळमळ दिव्यामुळे, एकाची म्हैस आटली तीही दिव्यामुळे. माणसं दवाखाना सोडून दिनूच्या मोबाइलभोवती गोळा व्हायला लागली, आणि माझं डोकं फिरलं.

अशातच एका शनिवारी चाचा पठारावर एका शेतात मोटर बसवायला गेले होते. दिवस मावळताना डाव्या हाताला एक पांढरा दिवा वर आला, थोडा वेळ तिथेच थांबला आणि निघून गेला. चाचांनी चौकात येऊन तेवढंच सांगितलं. "बल्ब व्हता. आवाज नव्हता. काय व्हतं ते मला ठावं न्हाई." सोमवारी त्यांच्या कपाळाच्या डाव्या बाजूला लाल चट्टा उठला आणि त्यावर फोड आले. झालं! ज्या बाजूला दिवा, त्याच बाजूला भाजलेलं. आणि दिवा पाहिला कुणी, तर चाचांनी. दिनूला आता व्हिडिओची गरजच उरली नाही.

मंगळवारी शाळा सुटल्यावर मी पटांगणात सभा घेतली. सगळं गाव लोटलं होतं. मी एकेकाला उभं केलं. अर्धशिशीवालीला विचारलं, "कधीपासून आहे गं?" ती म्हणाली, "लगीन व्हायच्या आधीपासनं." मळमळवाल्यानं आदल्या दिवशी तोंडाला फडकं न बांधता टोमॅटोवर औषध मारलं होतं. म्हैस गाभण निघाली. लोक हसायला लागले, भीती उतरायला लागली. पण सगळ्यांचे डोळे चाचांकडे होते, आणि मला कळत होतं की चाचांचा दिवा विझवल्याशिवाय ही सभा माझी होणार नाही. बाकीच्यांना विचारला तो साधा प्रश्न, कधीपासून, तो मी त्यांना विचारला नाही. त्यांच्यासाठी माझ्याकडे याहून भारी काहीतरी होतं.

"चाचा, उजेडानं भाजतं ते उघड्या अंगाला. बरोबर?"

"बरुबर."

"मग टोपी काढा."

चाचांना चारचौघांत टोपीशिवाय मी कधी पाहिलं नव्हतं. गावानंही नसेल. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी हात पुढे करून तशीच उभी राहिले. त्यांनी सावकाश टोपी काढली, तेव्हा फोड पांढऱ्या केसांतून पार टाळूपर्यंत गेलेले दिसले.

"बघा! उजेड टोपीच्या आत शिरला कसा? आणि हे बघा, कपाळाच्या मध्यावर रेघ ओढल्यासारखं थांबलंय. उजवीकडे एक फोड नाही. टोपी ज्याला अडवत नाही, पण कपाळाचा मध्य अडवतो, असला कसला उजेड?"

टाळ्या पडल्या. दिनू उठून म्हणाला, "मग भाजलं कशानं, बाई?" मी रंगात आले होते. "कॉइलला लावायच्या वार्निशचा हात लागला असेल. आणि दिवाबिवा काही नव्हताच. वय झालंय चाचांचं, दिसतं एखादे वेळी काहीतरी." लोक हसले. तीस वर्षांत चाचांना कुणी असं हसलं नव्हतं.

हसणं थांबेपर्यंत चाचा उभे राहिले. मग म्हणाले, "उजेडानं न्हाई, ते तुमी दाखवलं. मला पटलं. वार्निश मी रोजचं वापरतोय, त्येनं बी न्हाई. मग जळतंय कशानं, ते कोन बघनार, बाई?"

"डॉक्टरांना दाखवून या," मी म्हटलं, टेबलावरचे कागद गोळा करता करता. त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर एक बारीक फोड होता. तो मला तेव्हाच दिसला होता. माझ्या मुद्द्याला त्याचा उपयोग नव्हता, म्हणून मी त्याच्याबद्दल बोलले नाही.

गुरुवारी मधल्या सुट्टीत पाहिलं तर दुकानाचं शटर अर्धं खाली. वाकून आत गेले. दिनूनं त्यांना अंधारात बसवलं होतं, कपाळाला कोरफडीचा गर लावला होता. डावा डोळा सुजून मिटला होता, त्यातून पाणी गळत होतं.

"चाचा, डॉक्टरकडे का नाही गेलात?"

"जाऊन काय सांगू? कशानं झालं म्हनून इचारत्याल. बल्ब म्हनलं तर हासत्याल. वार्निश म्हनलं तर मी खोटं बोलल्यावानी व्हतंय."

मी शाळेत निरोप दिला नाही, वही-पुस्तकं टेबलावर तशीच राहिली. दिनूनं टेम्पोतले दुधाचे कॅन चौकातच उतरवले. चाचांना आमच्या दोघांच्या मध्ये बसवून आम्ही आणे घाट उतरायला लागलो. पुढे उसाचा ट्रॅक्टर, मागून ट्रकचा हॉर्न. चाचा दर वळणाला डोळ्यावर तळहात दाबून धरत होते. दिनू म्हणाला, "आता तरी मान्य करा, बाई. बल्बाचंच इख हाय ह्ये." मी त्याच्यावर खेकसले. तोही खेकसला. पस्तीस मार्कांपर्यंत गेलो आम्ही. चाचा हळूच म्हणाले, "भांडू नका रं. डोळ्यात कुनी खिळा ठोकतंय." नारायणगावच्या डोळ्यांच्या दवाखान्यात पोचायचं होतं. आळेफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. माझ्या आयुष्यात इतका वेळ कशालाच लागला नव्हता.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी बॅटरी लावून पाहिलं, नाकाच्या शेंड्यावरचा फोड पाहिला आणि म्हणाले, "नागीण आहे."

"नागीन कंबरंला असती ना?" दिनूनं विचारलं. तोच प्रश्न माझ्याही तोंडात होता. नागीण कमरेला विळखा घालते, तोंड-शेपटी जुळली की माणूस जातो, एवढंच आम्हाला माहीत. पटांगणातल्या एकालाही कपाळावरची नागीण ओळखता आली नाही, आणि त्यात मी होते. डॉक्टर म्हणाले, हा नसेचा आजार. नस जिथून जाते तिथेच फोड येतात, म्हणून कपाळाच्या मध्यावर थांबतात, म्हणून केसांत शिरतात. नाकाच्या शेंड्यावर फोड आला तर डोळ्याला धोका असतो. ज्या खुणा दाखवून मी टाळ्या घेतल्या होत्या, त्याच खुणांवरून त्यांनी आजार ओळखला.

मग त्यांनी विचारलं, "त्रास कधीपासून आहे?"

"मागल्या गुरुवारपासनं," चाचा म्हणाले. "कपाळाला मुंग्या येत व्हत्या. टोपी लागली तरी चुरचुरायचं."

गुरुवार. दिवा दिसला शनिवारी. मी आणि दिनूनं एकमेकांकडे पाहिलं.

"चाचा, हे आधी का नाही सांगितलंत?"

"कुनी इचारलं? दिनू इचारायचा, बल्ब केवढा व्हता. तुमी इचारलं, टोपीखाली काय हाय. मला बी वाटलं, उन्हाचं असंल."

तो एक प्रश्न विचारला असता तर दिव्याचा वाद मंगळवारीच संपला असता, आणि चाचा मंगळवारीच इथे आले असते. डॉक्टरांनी औषध सुरू केलं, पण म्हणाले, "फोड आले त्याच दिवशी आणायला हवं होतं."

डोळा उघडला, पण बुबुळावर पांढरा डाग राहिला. चाचा म्हणत, "ह्या बाजूनं कायम धुकं हाय." दोन महिने त्यांनी काम रेटून पाहिलं. मोजणं चुकत नव्हतं, पण बारीक तारेचं टोक सापडेना. जो माणूस दुसऱ्याची चांगली मोटर परत पाठवत होता, त्यानं आपल्या हातनं भरलेल्या दोन मोटरी आपण होऊन परत मागवल्या, आणि दुकान बंद करून जुन्नरला लेकीकडे जायचं ठरवलं.

निघायच्या दिवशी मी माफी मागायला गेले. शब्द जमवून गेले होते, त्यातला एकही नीट निघाला नाही. चाचा म्हणाले, "डोळ्याचं सोडा. त्यात उशीर मी बी केला. पर तुमी गावाला सांगितलं, चाचाला काय दिसलंच न्हाई. तेवढं एकदा सांगा बाई, चाचाला बल्ब दिसला व्हता. ड्रोन असंना का, काय बी असंना. दिसला व्हता."

मी हो म्हटलं. अगदी मनापासून म्हटलं. पण सांगायचं म्हटलं की वाटायचं, मी तोंड उघडायचा अवकाश, दिनू म्हणेल बाईंनी दिवा मान्य केला, आणि पुन्हा सगळ्यांचे केस गळायला लागतील. परीक्षा होऊ देत, दिवे थांबू देत, असं करत राहिले. दिवे थांबले. लोक विसरले. मग विसरलेलं कशाला उकरा, असं स्वतःला सांगितलं. खरं सांगायचं तर मला लाज वाटत होती. दोनदा जुन्नरला जाऊन आले, पेरू घेऊन. लेक घरी नव्हती, चाचा एकटेच होते. त्यांनी तो विषय काढला नाही. शाळेची बेल वाजते का, तेवढं विचारलं.

या थंडीत चाचा गेले. छातीत दुखलं आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मला दोन दिवसांनी कळलं. घरी गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायका उठून गेल्या होत्या. लेक एकटीच बसली होती. मी नाव सांगितलं.

"आण्याच्या शाळेतल्या बाई तुम्हीच ना? एक विचारू? अब्बांना त्या दिवशी खरंच काही दिसलं होतं?"

"हो," मी म्हटलं. "दिसलं होतं. त्या वर्षी अख्ख्या तालुक्याला दिवे दिसत होते. चाचा खोटं बोलले नाहीत. मी बोलले."

ती खाली बघून बोलायला लागली. "आल्यापासून सारखे तेच सांगायचे. पोरांना, पाहुण्यांना. मीच म्हणायचे, अब्बा, आता पुरे करा, तुमच्या गावच्या बाईंनीच सांगितलंय ना काही नव्हतं म्हणून? एवढ्या शिकलेल्या त्या, त्या कशाला खोटं बोलतील? शेवटी शेवटी त्यांनी सांगायचंच सोडून दिलं."



"हे तुम्ही त्यांच्या देखत एकदा म्हणायचं होतं, बाई," ती म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता. ती उठून आत गेली आणि माझ्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन आली.