ताईच्या कॅलिपरचा जोड

साठच्या दशकातली ही गोष्ट. पांढरकवड्याला आमच्या घरी बाबांना जाऊन महिनाही झाला नव्हता, आणि ताईचा कॅलिपर तुटला.

लहानपणीच्या पोलिओमुळे तिच्या डाव्या पायाला तो लोखंडी आधार लागायचा. त्याची खालची पट्टी ॲल्युमिनियमची. ती निखळली की बाबा नवं रिव्हेट, म्हणजे जोडखिळा, ठोकायचे... या वेळी खिळ्याचं भोकच फाटलं होतं. ॲल्युमिनियमचं वेल्डिंग गावात कोणी करत नव्हतं, आणि दोन दिवसांनी यवतमाळला ताईची शिक्षिकेच्या नोकरीची मुलाखत होती.

मी कॉलेजातून सुट्टीवर आलो होतो. नागपूरहून आणलेला, दोन ट्यूब मिसळून लावायचा नवा गोंद माझ्याकडे होता. पण त्याचा भरवसा काय... म्हणून आधी लोखंड-ॲल्युमिनियमच्या दोन पट्ट्या चिकटवून नमुना केला. सकाळी त्याला दगड बांधून टांगला. जोड हलला नाही. मी खूश.

ताई म्हणाली, "अरे, मी काय झाडाले लटकणार हाय का? मी पडते. दणका देऊन पाह्य."

वरवंटा गुडघ्याच्या उंचीवरून सोडला. पट्ट्या टणकन वेगळ्या झाल्या. ॲल्युमिनियम अगदी चकचकीत... गोंदाने त्याला धरलंच नव्हतं.

आई आतून म्हणाली, "वरवंटा फुटला तं चटणी तुह्या डोक्यावर वाटीन."

मग नमुना आणि कॅलिपर, दोन्ही पॉलिश पेपरने खरवडले, सोड्याने धुतले, वाळवून चिकटवले. मुलाखतीच्या सकाळी नमुन्यावर वरवंटा सोडला, या वेळी कमरेच्या उंचीवरून. जोड टिकला. आम्ही एसटीने निघालो.

यवतमाळच्या स्टँडवर उतरताना ताईची पायरी चुकली आणि ती सगळ्या वजनानिशी खाली आदळली. कॅलिपरकडे बघायची माझी हिंमत होईना.

तिने चाचपून पाहिलं. "गुडघा फुटला," ती म्हणाली. "तुहा जोड हाय तसाच हाय. चाल, उशीर होऊन राह्यला."

ती मुलाखतीला आत गेली. मी बाहेर झाडाखाली बसलो... बाबा गेल्यापासून मी रडलो नव्हतो. तिथे रडलो, आणि फार हलकं वाटलं.

आज बाबांची पुण्यतिथी. त्यांच्यामागे घराचं सगळं मला झेपेल का, ही धास्ती त्या दिवशी गेली. ती घालवली ताईनेच... 'मी पडते' असं सरळ सांगून.