क्षौराला कोमट पाणी

दाढी करायला मला माझ्या वडिलांनी शिकवलं. मी त्यांची मुलगी. घरात मुलगा नव्हताच, तेव्हा गैरसमजाला जागा नको म्हणून आधीच सांगून टाकते.

आमचं घर काशीत, मुन्शी घाटाकडे उतरणाऱ्या एका गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर. पाच पिढ्यांमागे कोणीतरी साताऱ्याकडून यात्रेला आलं आणि परत जायचं राहून गेलं, एवढाच आमचा इतिहास. वडील महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची श्राद्धं चालवत. श्राद्धाआधी पुरुषांनी क्षौर करायचं, म्हणजे डोकं आणि दाढी उतरवून घ्यायची. न्हाव्यासमोर कुठे तोंड करून बसायचं आणि नंतर आंघोळीपर्यंत कशाला शिवायचं नाही, हे सगळं वडील त्यांना समजावत. यात्रेकरूंना तिथीवारात सूट असे. क्षौराला कारण असलं की कोणताही दिवस चालतो, असं शास्त्र आहे. स्वतः वडिलांनी मात्र ही सूट कधी घेतली नाही. मंगळवार, शनिवार, एकादशी, अमावास्या, पौर्णिमा या दिवशी त्यांच्या गालाला पातं लागत नसे. त्यांच्या मतदार ओळखपत्रावरच्या फोटोत खुंटं दिसतात, कारण फोटो काढणारे शनिवारी आले होते.

मला हनुवटीवर केस यायला लागले ते सतराव्या वर्षी. आधी चार, मग चाळीस, मग मी मोजणं सोडलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या आणि वजन कमी करा म्हणाल्या. माझं वजन तेव्हा पंचेचाळीस किलो होतं. पार्लरवालीनं दोऱ्यानं केस काढले, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि पाचव्या दिवशी सगळं पीक परत उभं.

काशीत दाढीला फार मान आहे. दाढी वाढवून घाटावर बसलं तर माणसाला जेवायला मिळतं, वर लोक पाया पडतात. या सबंध शहरात दाढीची लाज वाटणारी मी एकटीच असेन. कॉलेजात मागच्या बाकावरच्या दोघी मला "बाबाजी, प्रणाम" म्हणायच्या. मी तोंडाला दुपट्टा गुंडाळायला लागले. आमच्याकडे धुळीपायी निम्म्या मुली असा दुपट्टा बांधूनच स्कूटी चालवतात, त्यामुळे कोणाला काही वाटलं नाही. स्कूटी नसताना, वर्गात बसूनही मी तो सोडत नाही, हे लक्षात यायला लोकांना तीन महिने लागले.

मग नोटीस लागली. केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला दुपट्टा चालणार नाही, बर्नर पेटलेले असतात. शिवाय बाहेरगावचे परीक्षक समोर बसवून तोंडी घेणार. मी मनात ठरवून टाकलं की प्रॅक्टिकलला जायचं नाही. तिथे गेलं नाही तर वर्ष जाणार, आणि एकदा वर्ष गेलं की मी पुन्हा कॉलेजात पाऊल टाकणार नाही, हेही मला ठाऊक होतं. घरात अर्थातच बोलले नाही.

बोलले नाही, पण एकदा प्रयत्न करून पाहिला. वडील पूजेला बसले असताना मी त्यांचं दाढीचं सामान घेऊन न्हाणीत शिरले. जुनं जड स्टीलचं रेझर, ब्रश, डबीतला गोल साबण, तुरटीचा खडा. ब्रश भिजवला तर चोरी पकडली जाईल, अशी माझी अक्कल. म्हणून साबण नाही, पाणी नाही, कोरडंच रेझर हनुवटीवर ओढलं. दोन जागी कापलं. बाहेर आले तेव्हा कुडत्यावर रक्ताचे चांगले तीन थेंब होते.

वडील पूजा आटोपून दारातच उभे. आधी त्यांनी माझ्या हातातलं रेझर पाहिलं, मग हनुवटी.

"बिनपाण्यानं केलीस?"

आता मराठीत बिनपाण्यानं हजामत करणं म्हणजे एखाद्याला शब्दांनी सोलून काढणं. आमच्या घरात हा शब्दप्रयोग रोज होई, बहुतेक वेळा माझ्याच बाबतीत. मी मान खाली घालून म्हटलं, "अजून कुठे केलीत, बाबा? करा."

त्यांना काही कळेना. मग कळलं, पण हसले नाहीत. तुरटी भिजवून माझ्या हनुवटीवर दाबली आणि म्हणाले, "खुळी आहेस. कोरड्यावर पातं चालवतात होय? कधीपासून आहे हे?"

मी सगळं सांगितलं. बाबाजी, दुपट्टा, नोटीस. वडिलांनी सगळं ऐकून घेतलं, मग पंचांग उघडलं. "बुधवार चांगला आहे," म्हणाले.

स्वयंपाकघरातून आई बाहेर आली. आई शाळेत मराठी घरांतल्या मुलांना संस्कृत शिकवायची आणि घरात सहसा आवाज चढवायची नाही. ती म्हणाली, "पोरीच्या तोंडाला वस्तरा लागणार नाही. या घरात नाही."

"वस्तरा नाही गं, रेझर आहे," वडील म्हणाले.

"फरक मला नका शिकवू."

मला वाटलं, केस राठ होतील म्हणून ती घाबरते आहे. मी तसं बोलूनही दाखवलं. तिनं आत जाऊन भाजीला फोडणी दिली. फोडणी करपली.

बुधवारी सकाळी वडिलांनी मला खिडकीशी, पूर्वेला तोंड करून बसवलं. दाढी हा शब्द मुलीच्या बाबतीत त्यांच्या जिभेवर येईना, म्हणून ते शेवटपर्यंत क्षौरच म्हणत राहिले. यात्रेकरूंना सांगायच्या सुरातच त्यांनी मला सांगितलं. ब्रश गोल फिरवायचा. फेस ताकासारखा नको, लोण्यासारखा हवा. कातडी डाव्या हातानं ताणायची. पातं टेकवायचं, दाबायचं नाही. रेझरच्या वजनानंच काम होतं. केस ज्या दिशेला वळलेत त्याच दिशेला जायचं. उलटं चालवायची हौस करायची नाही. झालं की तुरटी, मग आंघोळ, तोवर कशालाही शिवायचं नाही.

"बाबा, मी काय श्राद्धाला बसणारेय?"

"क्षौर ते क्षौर. बिलकुल शिवायचं नाही."

त्यांचा हात हवेत माझ्या हनुवटीच्या आकारानं फिरत होता, आणि तोंड त्यांचंच वाकडं होत होतं. पाणी नळाचं, माघातलं, बर्फगार. वडील बारा महिने त्याच पाण्यानं करत, त्यामुळे दुसरं काही असू शकतं हे त्यांना सुचलं नाही. पातं ओढत होतं, कातडी लाल झाली, पण केस गेले. मी आरशात पाहिलं आणि मला फार बरं वाटलं. आई त्या वेळात गच्चीवर कपडे वाळत घालत होती. कपडे चारच होते.

त्यानंतर मी तिथी पाहून क्षौर करू लागले. प्रॅक्टिकलला जायचं असं मनाशी म्हणायलाही लागले. मग तारीख लागली. शनिवार, सकाळी दहा. वडिलांनी पंचांग पाहिलं आणि चष्मा काढून पुसला. शनिवार, आणि वर एकादशी.

"शुक्रवारी करून टाक," ते म्हणाले. "एका दिवसात किती येतात?"

एका दिवसात किती येतात ते त्यांना शनिवारी सकाळी दिसलं. माझी हनुवटी हिरवट झाली होती आणि हाताला किसणीसारखी लागत होती. मी रेझर घ्यायला गेले तर त्यांनी दाढीच्या सामानाचा डबा उचलून फडताळात ठेवला आणि कडी घातली.

"आज नको. चाळीस वर्षांत मी केलं नाही. पावडर लाव थोडी."

मी पावडर लावली. चुना लावलेली भिंत दिसायला लागली, आणि भिंतीला खुंटं. मी तोंड धुतलं, खिडकीशी जाऊन बसले आणि म्हटलं, "मी नाही जाणार. आज नाही आणि नंतर पण नाही. कॉलेज बंद."

"अगं, एका दिवसासाठी असं करतात का?"

"लोक हसतील, बाबा. समोर बसून हसतील. नाही जाणार, बस."

वडिलांना खरंच वाईट वाटत होतं. ते फडताळासमोर उभे होते आणि त्यांचा हात कडीवर होता, पण कडी निघत नव्हती. घड्याळात साडेआठ झाले होते.

आई स्वयंपाकघरातून आली ती वाटी घेऊन. तुपाची वाटी होती, घासून पुसून त्यात पाणी भरलेलं, वर वाफ. ती माझ्यासमोर पाटावर बसली आणि वडिलांकडे न बघता म्हणाली, "डबा द्या इकडे."

"अगं, आज एकादशी…"

"माझी आजी एकोणीस वर्षांची असताना तिचा नवरा गेला," आई म्हणाली. हे तिनं मला कधी सांगितलं नव्हतं. "तिचं डोकं उतरवलं ते मरेपर्यंत. महिन्यातून दोनदा न्हावी यायचा. मागच्या दारानं. मी सात वर्षांची, तिच्यासमोर पाण्याची वाटी धरून बसायचे. तिथी सगळे बघायचे, अगदी चोख बघायचे. तिला मात्र कोणी विचारलं नाही. ती नको म्हणत होती तेव्हा वस्तरा चालला. ही हवा म्हणतेय, तर तिथी आडवी येते?"

 वडिलांनी पंचांगाकडे पाहिलं, उघडलं मात्र नाही. मग कडी काढली, डबा आणून आईच्या शेजारी ठेवला आणि म्हणाले, "कारण असलं की दोष नाही. यात्रेकरूंना मीच सांगतो."

आईनं पंच्याचं टोक गरम पाण्यात बुडवून पिळलं आणि माझ्या हनुवटीवर धरलं. "थोडं थांबायचं," ती म्हणाली. "थंड पाण्यानं वस्तरा ओढतो. आजी नेहमी म्हणायची. न्हावी ऐकायचा नाही, त्याला घाई असायची. मग मी चोरून पाणी तापवायचे." फेस तिनंच केला. रेझर माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी वाटी धरून बसली, खिडकीतल्या आरशाच्या खाली, बरोबर जिथे धरायला हवी तिथे.

पातं लोण्यातून फिरल्यासारखं फिरलं. फक्त ओठाखाली, घाईत, एक बारीक ओरखडा गेला. वडिलांनी तुरटी पुढे केली आणि आंघोळीची आठवण केली.

प्रॅक्टिकलला मी उघड्या तोंडानं गेले. परीक्षक वयस्कर होते. टायट्रेशनबद्दल दोन प्रश्न विचारले, मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "ये होंठ के नीचे क्या हुआ?"

"दाढ़ी बनाते हुए कट गया, सर."

त्यांनी चष्मा नाकावर वर ढकलला. मग म्हणाले, "इंडिकेटर कौन सा डाला था?" मी सांगितलं. बरोबर होतं.

घरी आले तेव्हा दोघं जेवायचे थांबले होते, म्हणजे साबुदाण्याची खिचडी निवत होती. वडिलांनी विचारलं पेपर कसा गेला. पेपर नसतो, प्रॅक्टिकल असतं, असं मी तिसऱ्यांदा सांगितलं. तुपाची वाटी फडताळात, दाढीच्या डब्याशेजारी पालथी होती. क्षौराला लागलेली वाटी स्वयंपाकघरात परत जात नाही. ती आजही माझ्याकडे आहे.

आईनं पेपराचं काहीच विचारलं नाही. माझी हनुवटी धरून तिनं माझं तोंड उजेडाकडे वळवलं, अंगठा फिरवून पाहिला.

"ओढला नाही ना गं?"

"नाही आई. बिलकुल नाही."

ती खाली बसली आणि रडायला लागली. ती माझ्यासाठी रडत नव्हती हे मला कळत होतं, म्हणून मी तिला गप्प केलं नाही.