काकांचे बोलणे चालू होते तोवर

जगातील निरुपयोगी माहितीचा निम्मा साठा वडनेरच्या एका किराणा दुकानात आहे, असे मी भीतभीत, परंतु पूर्ण विचारांती म्हणेन. हे दुकान माझ्या पत्नीच्या काकांचे. साबण मागायला आलेल्या बाईला ते आधी ऑक्टोपसला तीन हृदये असतात हे सांगतात, साबण नंतर. एका तेराव्याच्या पंगतीत तर त्यांनी मृताच्या मुलालाच समजावले, "मेल्यावर नखं वाढतेत म्हन्तेत ना, ते खोटं हाय. कातडं आखडते, म्हून तसं दिसते." पलीकडून काकू म्हणाल्या, "तुमचं तोंड कधी आखडन?" काकांनी "मालूम हाय का" असे म्हणताच घरातील प्रत्येकाला काहीतरी काम आठवते. उरतो तो मी. जावयाने मधूनच उठणे बरे दिसत नाही, आणि नकार देणे मला कधी साधलेलेही नाही.

गेल्या वर्षी काका मला वावर दाखवीत होते. बांधावरचा पऱ्हाट्यांचा, म्हणजे कापसाच्या वाळक्या झाडांचा, ढीग सरकवताना त्यांच्या हाताला नाग डसला. मी थिजलो. काका मात्र शांतपणे म्हणाले, "जवाईबापू, याचं इख आधी पापन्यांवर जाते, मंग जिभेवर. मी बोलून राह्यलो तोवर ठीक हाय समजजा."

शेजाऱ्याच्या गाडीतून आम्ही हिंगणघाटच्या दवाखान्याकडे निघालो. पापण्या-जिभेचे ते मी काकूंना सांगितले होते; त्या काकांना धरून बसल्या होत्या. काका क्षणभर गप्प झाले, तशा त्या कडाडल्या, "काऊन थांबले? बोला ना!"

"काय बोलू?"

"तुमचं ते, कोन्तंई!"

मग शार्क मासे झाडांहूनही जुने आहेत हे कळले. एका थोर खगोलशास्त्रज्ञाचे नाक धातूचे होते, हेही कळले. एकेक शब्द जड होत चालला होता. "ऑस्ट्रेलियात... मोठाले पक्षी वावरात घुसले. सरकारनं मशीनगनवाले... शिपाई धाडले..." पापण्या मिटू लागल्या.

"मंग?" काकूंनी त्यांना गदागदा हलवले. "मंग कोन जिकलं? अहो, कोन जिकलं?"

बऱ्याच वेळाने ओठ हलले. "पक्षी."

त्यानंतर ते बोलले नाहीत. दवाखान्याचे फाटक समोर आले होते.

काका वाचले. अनेक दिवस नळ्यांच्या आधाराने काढून घरी परतले. आता "मालूम हाय का" म्हटल्यावर कोणीही उठत नाही. परवा दुकानात ते सांगत होते की शुक्रावरचा एक दिवस तिथल्या वर्षापेक्षा मोठा असतो. सांगताना श्वास घ्यायला ते जरासे थांबले, तर तांदूळ निवडणाऱ्या काकूंचे हात थांबले, आणि आम्ही सारेच त्यांच्या पापण्यांकडे पाहू लागलो.

"आइकून राह्यले, का तपासून राह्यले?" काकांनी विचारले.

"सांगा ना, मोठा काऊन असते?" काकू घाईने म्हणाल्या. काकांनी त्यांच्याकडे फार मायेने पाहिले, "राहू दे" म्हणाले, आणि गुळाची पुडी बांधू लागले.