बाबांचा नंबर दुसरा

माझ्या वडिलांच्या फोटोला मी हार घातला, तेव्हा फोटोतला माणूस बोरगावहून बसने आमच्याकडे यायला निघाला होता.

मी नऊ महिन्यांचा असताना बाबा गेले. मी पाळण्यात, म्हणून अग्नीसुद्धा चुलत्याने दिला. त्यांचा चेहरा मला ठाऊकच नव्हता. सन पंचाऐंशीच्या सुमारास आईही गेली आणि तिच्या पेटीत एकुलता एक फोटो सापडला. संत्र्याच्या बागेत रांगेने उभे पाच जण. मागे शाईने पाच नावं, एकाखाली एक. बाबांचं दुसरं.

मी सौंसरला मास्तर, रोज साठ पोरांची हजेरी घेणारा. मी चुकतो होय! डावीकडून दुसऱ्या माणसावर बोट ठेवलं आणि ढसाढसा रडलो.

"नाक पाहा, तुमचंच हाय!" बायको म्हणाली. (तिने सासरा कधी पाहिला नव्हता. मी तरी कुठे पाहिला होता!)

पांढुर्ण्याच्या स्टुडिओवाल्याने भलताच चेहरा मोठा करू नये म्हणून मी कात्रीने तेवढाच माणूस कापून नेला. उरलेले तुकडे चहा ठेवताना चुलीत टाकले. वा रे मास्तर!

आईच्या वर्षश्राद्धाला दोघांचे फोटो शेजारी मांडले. बाबांचे जुने दोस्त श्यामरावकाका बोरगावहून आले. त्यांनी फोटो पाहिला, चष्मा पुसला, पुन्हा पाहिला.

"काहून बे, मी मेलो कवा?"

"काका, हे बाबा आहेत."

"अबे, हा मी होय! अन् वहिनीच्या बाजूले कायले बसवलं मले? माही बायको जित्ती हाय अजून!"

पंगत हसून हसून लोळली. बायको गुपचूप हार काढून राहिली होती.

"पण मागे बाबांचं नाव दुसरं आहे!"

"नावं मीच लिहिली ना! रांगेत उभे होतो, तसं माह्या डाव्या हातापासून मोजलं. तू समोरून मोजलं. तुहा बाप त्या टोकाकून दुसरा. टोपी काखेत, असा हसून राहिला होता..." काकांनी हात काखेशी नेऊन दाखवला. "चुकलंच माहं. ज्याच्या त्याच्या पायाशी त्याचं नाव लिवाले पायजे होतं. आन तो फोटो, दाखवतो तुले तुहा बाप."

काय आणू?

बापाला अग्नी देता आला नाही, ही खंत मी जन्मभर उराशी बाळगली होती. तीही मिटली. अग्नी शेवटी मीच दिला, आणि त्यावर दोन कप चहा करून प्यालो!